‘अगापे’चा अर्थ लावताना या चुका टाळा

नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक शिकू लागल्यावर पहिल्याच महिन्यात प्रीतीसाठीचा ‘अगापे’ हा शब्द हाती लागतो आणि तेवढ्या भांडवलावर संदेश उभा राहतो: अगापे म्हणजे देवाची निःस्वार्थ प्रीती, फिलिया म्हणजे मैत्री आणि एरोस म्हणजे वासना. एरोस हा शब्द नव्या करारात एकदाही येत नाही, हे पाहण्याइतकाही धीर कोणाला नसतो.

ही उतरंड मीही एकदा रचली होती. योहान २१ मध्ये येशू दोनदा ‘अगापास’ (अगापेच्या क्रियापदाने ‘प्रीती करतोस का?’) असे विचारतो, पेत्र प्रत्येक वेळी ‘फिलो’ (फिलियाच्या क्रियापदाने ‘प्रेम करतो’) असे उत्तर देतो आणि तिसऱ्यांदा येशूच एक पायरी उतरून ‘फिलेइस’ (त्याच क्रियापदाने ‘प्रेम करतोस का?’) म्हणतो, असे मी मोठ्या रसाने सांगितले. उपासनेनंतर एक निवृत्त शिक्षिका शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, तिथे आधी ‘कोकरे’ आणि मग ‘मेंढरे’ असाही फरक आहे, मग कळपही दोन धरायचे का?” त्यांना ग्रीकचे अक्षरही येत नव्हते आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. घरी येऊन पाहिले, तर पिता पुत्रावर प्रीती करतो हे सांगताना योहानाने ३:३५ मध्ये ‘अगापाओ’ आणि ५:२० मध्ये ‘फिलेओ’ ही त्याच दोन शब्दांची क्रियापदे वापरलेली! समानार्थी शब्द आलटून पालटून योजणे ही त्या लेखकाची लकबच आहे.

दुसरी चूक म्हणजे शब्दालाच पवित्र मानणे. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, २ शमुवेल १३:१५ मध्ये, तामारेवर बलात्कार करणाऱ्या अम्नोनाच्या ओढीलाही ‘अगापे’च म्हटले आहे. परुशांना सभास्थानातले मुख्य आसन आवडते (लूक ११:४३) आणि पौलाला सोडून गेलेल्या देमासाला हे जग प्रिय वाटते (२ तीमथ्य ४:१०), तिथेही क्रियापद ‘अगापाओ’च आहे.

स्ट्राँगच्या बायबल शब्दसूचीत ‘अगापे’चा क्रमांक २६ उघडून त्याखालचा अर्थ उतरवणे म्हणजे अभ्यास नव्हे. मी आजही कोश उघडण्याआधी त्या शब्दाची दहा वाक्ये वहीत हाताने लिहितो आणि प्रत्येकापुढे कोण, कोणावर आणि पुढे काय केले, एवढेच टिपतो. घाई असणाऱ्यांना हे कंटाळवाणे वाटते, वाटू द्यावे.

१ करिंथ १३:४–७ मात्र ग्रीकमधूनच वाचावे. मराठीत प्रीती ‘सहनशील आहे, परोपकारी आहे’ अशी विशेषणांनी सुरुवात होते. पौलाने तिथे पंधरा क्रियापदे वापरली आहेत.