घरामागच्या कडुलिंबावर अचानक शिक्रा येऊन बसला तर फोटो कसा काढायचा

मागच्या एप्रिलातली गोष्ट, परभणीला घरीच होतो, साडेचार वाजले असतील, आईनं स्वैपाकघरातून हाक मारली, "ए, इकडं ये की पटकन, लिंबावर काय बसलंय बघ, घारीचं पिल्लू हाय का काय." खिडकीतून बघितलं तर शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, पंजाखाली बुलबुल धरलेला. मी काय केलं तर कॅमेरा उचलला अन् सरळ मागचं दार उघडलं. आमचं ते दार लोखंडी, कडी काढली की गल्लीभर ऐकू जातं. शिक्रा उडाला आणि बुलबुल पण तिथंच टाकून गेला. एप्रिलात त्यांची घरटी चालू असतात, तो घास कदाचित पिल्लासाठी असेल, हे मला नंतर सुचलं आणि त्याचं अजून वाईट वाटतं. म्हणून हे लिहायलोय, कारण असा पक्षी अंगणात आला की सगळ्यांचं पहिलं पाऊल दाराकडंच जातं.

तर पहिली गोष्ट ही की दार उघडायचंच नाही. जिथं उभे आहात तिथूनच, हातात जो काय असेल त्या मोबाईलनं, खिडकीतूनच दोन-चार फोटो काढून घ्या, कितीही लहान दिसू द्या. ते फोटो नंतर ओळख पटवायला कामाला येतात, चांगल्या फोटोचं पुढं बघू. घराच्या आत हलणारा माणूस त्याला तेवढा खटकत नाही, पण तोच माणूस उंबऱ्याबाहेर आला की लगेच मान वळते.

आता खिडकी. आपल्याकडं सगळ्या खिडक्यांना ग्रील, वरून मच्छरजाळी आणि जाळीवर महिनाभराची धूळ. जाळी सरकत असेल तर हळूच सरकवा. सरकत नसेल तर लेन्स जाळीला अगदी चिकटवून धरा, अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) पूर्ण उघडं ठेवा, तारा बऱ्यापैकी पुसल्या जातात, फोटो थोडा फिका येतो तेवढंच. काच बंद असली तरी तेच, काचेला चिकटून आणि सरळ समोरून, तिरपा धरला की पक्षी दोन-दोन दिसायला लागतो. खोलीतला ट्यूबलाईट बंद करा, नाहीतर काचेत तुमचाच शर्ट येतो. फ्लॅश बंद, फोकससाठी कॅमेऱ्याचा जो छोटा दिवा लागतो तो पण बंद, शटरचा आवाज बंद करता येत असेल तर करा.

मोबाईलवाल्यांनी बोटानं ओढून झूम करत बसू नका, त्यानं नुसते ठोकळे येतात. फोनची स्वतःची टेलिफोटो लेन्स असेल तर ती लावा, २ किंवा ३ पट जे असेल ते, आणि तिथंच थांबा. स्क्रीनवर पक्ष्यावर बोट दाबून ठेवलं की फोकस लॉक होतो, मग बाजूचा सूर्याचा स्लायडर थोडा वर करा. घरात दुर्बीण असेल तर तिच्या एका डोळ्यावर फोनचा कॅमेरा टेकवून बघा, पहिले दहा फोटो काळे गोल येतील पण अकरावा असा येतो की विश्वास बसत नाही.

कॅमेरा असेल तर, साधी ७०-३०० किंवा ५५-२५० मिमीची लेन्स पुरते, आपलं अंगण असतं केवढं. बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंदाच्या आसपास शटर ठेवा, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ऑटो करून टाका, ३२०० पर्यंत गेला तरी घाबरू नका, दाणे आलेला फोटो नीट करता येतो, हललेला नाही. फोकस एकाच पॉइंटचा ठेवा आणि तो पॉइंट डोळ्यावर. सगळे पॉइंट चालू ठेवले तर कॅमेरा पुढची लिंबाची डहाळीच पकडतो, माझे असे किती फोटो गेलेत, पानं एकदम कडक आणि मागं एक राखाडी डाग. लिंबावर अजून एक अडचण असते, मागं मोकळं पांढरं आभाळ, त्यात पक्षी काळा पडतो. त्याला एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +१ करा, दुपारी तर +१.५ पण चालतं. आभाळ जळालं तर जळू द्या, आपल्याला छातीवरचे पट्टे पाहिजेत.

हे पट्टेच का, तर ओळख तिथंच पटते. मोठ्या शिक्र्याच्या छातीवर आडव्या तांबूस बारीक रेघा असतात, गळ्याच्या मधोमध एक करडी रेघ, पाठ राखाडी, पाय पिवळे. नराचा डोळा लालभडक, मादीचा पिवळा-नारिंगी. पिल्लू असेल तर वरून तपकिरी आणि छातीवर आडव्या रेघांऐवजी उभे ठिपके ओघळल्यासारखे. आकार पारव्याएवढाच, म्हणून आईला घारीचं पिल्लू वाटलं. आणि फसवतो तो पावशा, "पेरते व्हा" वाला, तो रंगानं, शेपटीच्या पट्ट्यांनी, उडण्यानं अगदी शिक्र्यासारखा, पण चोच बघा, पावशाची सरळसाधी, शिक्र्याची आकड्यासारखी खाली वळलेली. कापशी घार पण लाल डोळ्याची असते, ती वरून फिकट राखाडी, खालून पांढरी, खांद्यावर काळा डाग, आणि शेतावर हवेत एका जागी पंख मारत थांबते, परसात तशी कमीच येते. म्हणून निदान एक फोटो समोरून छातीचा, एक पाठीचा आणि एक चोच-डोळा दिसेल असा घ्या. नुसत्या आवाजावर जाऊ नका, शिक्र्याचं "टिटू-टिटू" ऐकू आलं म्हणून मी धावलो तर कोतवाल पक्षी निघाला, तो त्याची हुबेहूब नक्कल करतो.

त्याच्या पायाखाली शिकार असेल तर तुमच्याकडं भरपूर वेळ आहे हे लक्षात ठेवा, गडबड करायची काहीच गरज नाही. तो आधी पिसं उपटतो, एकेक, आणि चोचीला चिकटलेलं पीस मान झटकून उडवतो, हा झटका फोटोत पकडायचा असेल तर बर्स्ट (एकापाठोपाठ भराभर फोटो) चालू ठेवा. मधेमधे थांबून चारी बाजूला बघतो, कावळे आले तर दोन्ही पंख पसरून शिकार झाकतो. त्या दिवशी आमच्याकडं खाली बाजेवर कुरड्या वाळत होत्या, त्यांच्यावर बुलबुलाची मऊ पिसं येऊन पडली, त्यात एक लालसर होतं, बुडाखालचं, त्यावरून तो लालबुड्या बुलबुल हे कळलं. पक्षी गेल्यावर अशी पिसं उचलू नका, तिथंच शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, काय खाल्लं याची तीच नोंद.

बाहेर जायचंच असेल तर तो खाण्यात गुंतला असताना जा, आणि घराच्या दुसऱ्या दारानं. सरळ त्याच्याकडं चालायचं नाही, तिरपं, आपलं काहीतरी काम चालू असल्यासारखं, हापशाकडं निघालोय असं. डोळ्यात डोळे घालून बघू नका. दोन पावलं, थांबा, पाच मिनिटं तशीच जाऊ द्या. त्यानं खाणं थांबवून तुमच्याकडं टक लावली की तिथंच उभं राहायचं, परत खायला लागला तर ठीक, नाही लागला तर एक पाऊल मागं. फोटोपेक्षा त्याचं जेवण मोठं आहे, हे मी मनापासून सांगतोय.

उडतानाचा फोटो पाहिजे असेल तर शेपटीवर नजर ठेवा. शिकारी पक्षी बऱ्याचदा उडायच्या आधी पुढं वाकतो, शेपूट उचलतो आणि शिटतो. ते दिसलं की शटर १/२००० वर, फोकस सतत पाठलाग करणारा, कॅननमध्ये एआय सर्वो, निकॉन-सोनीत एएफ-सी, थोडं झूम मागं घ्या म्हणजे पंख कापले जाणार नाहीत, आणि बटण दाबूनच ठेवा. तो बहुतेक वेळा वारा जिकडून येतो तिकडं तोंड करून उडतो, तेव्हा त्या बाजूला फ्रेममध्ये जागा सोडा.

उजेडाचं म्हणाल तर आपल्याकडं उन्हाळ्यात नऊनंतर फोटो काढणं अवघडच, शेजारच्या पत्र्यावरून वाफा निघतात आणि लांबचं सगळं पाण्यातून बघितल्यासारखं थरथरतं, त्याला कितीही महाग लेन्स असली तरी इलाज नाही. सकाळी सात-साडेसात किंवा पाचनंतर. दिवाळीनंतर ते माघापर्यंत मात्र दिवसभर ऊन मऊ असतं, तेव्हा सोडू नका.

काही गोष्टी अजिबात करू नका. त्याला बोलवायला कोंबडीचं पिल्लू किंवा उंदीर बांधून ठेवू नका, मोबाईलवर त्याचा आवाज लावू नका, काड्यांचं घरटं दिसलं तर त्याच्या आसपास पण थांबू नका आणि घरट्याच्या जागेचा पत्ता कुणाला देऊ नका. पकडणं-पाळणं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हाच आहे. संक्रांतीच्या सुमाराला मांज्यात अडकलेला सापडला तर ओढाओढी न करता खोक्यात अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन करा.

आणि गेला तरी आशा सोडू नका, जिथं शिकार मिळाली त्या जागी हे पक्षी पुन्हा येतात. अंगणात पाण्याचं मातीचं भांडं भरलेलं ठेवा, चिमण्या-बुलबुल येत राहिले की मागोमाग तो येतोच. सातभाई एकदम कलकलाट करून झुडपात घुसले, खारीनं चिक् चिक् लावलं, आणि मग सगळं गप झालं की वर बघा. मी त्याच दिवशी खिडकीची जाळी धुतली, कडीला तेल घातलं, कॅमेऱ्याची बॅटरी भरून तो फ्रिजवर ठेवला आणि कुठल्या फांदीवर बसला होता ते वहीत लिहिलं. चौथ्या दिवशी पावणेपाचला आईनं हाक मारली नाही, नुसता हात वर केला. त्याच फांदीवर होता, सरडा खात होता, आणि मी खिडकीतून हललो नाही, पंचवीस मिनिटं.