गारगोट्यांच्या ढिगातून अकीक कसा निवडावा

घासकामासाठी अकीक (इंग्रजीत ॲगेट) गोळा करणारे नवखे लोक रंगाच्या मागे लागतात. मी जालन्यात घरामागच्या शेडमध्ये अकीक कापून अंगठीचे, लॉकेटचे खडे आणि मणी बनवते. माझा क्रम ठरलेला आहे: आधी चीर बघायची, मग पट्टे आणि रंग सगळ्यात शेवटी. फिकट राखाडी दगडसुद्धा अखंड असला तर देखणा खडा देतो. लालबुंद दगडात चीर असली की ब्लेड अर्ध्यावर जाताच त्याचे दोन तुकडे हातात येतात. म्हणून निम्मी निवड वावरातच व्हायला हवी.

नांदेडच्या पूर्वेकडचा ग्रॅनाइटचा पट्टा सोडला तर आपला बहुतेक मराठवाडा बेसाल्टवर, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडावर उभा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थरावर थर पसरला. तो थंड होताना आत वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिका विरघळलेलं पाणी त्या पोकळ्यांत झिरपत राहिलं आणि भिंतीपासून आतल्या बाजूला एकेक पापुद्रा जमत गेला. अकीक बनला तो असा. बेसाल्ट उन्हापावसात कुजून काळी माती होतो, पण अकीक कुजत नाही. तो तसाच मातीत सुटा होऊन पडतो आणि नांगराला लागतो.

त्यामुळे शोधायला फार लांब जावं लागत नाही. शेतकऱ्यांनी वेचून बांधावर टाकलेले गारगोट्यांचे ढीग ही सगळ्यात सोपी जागा. न विचारता मात्र शिवारात शिरू नका. मी सरळ हाक मारते, "मामा, बांधावरच्या गारगोट्या बघू का?" बहुतेकदा उत्तर येतं, "बघा की ताई, सगळ्याच न्या. औताला आडव्या येतात." दुसरी जागा नव्या विहिरीच्या काठावरचा मलबा. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो मऊ, पोकळ्यांनी भरलेला थर लागला असेल तर त्या ढिगात हमखास काहीतरी मिळतं. काळा घट्ट पाषाण निघाला असेल तर वेळ घालवू नका.

तिसरी जागा नदी. पैठणच्या खाली शहागडच्या बाजूला गोदावरीचं पात्र, दुधना, पूर्णा, आणि त्यांना मिळणारे ओढे. नदीतला दगड मला विहिरीतल्या दगडापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. मैलोन्‌मैल आपटत आलेल्या दगडात जिथे खोल चीर होती तिथे तो वाटेतच फुटलेला असतो. जो गोटा गोल होऊन पोचला तो टिकाऊ. विहिरीतला दगड मोठा मिळतो, पण त्यावर चुन्याचं कवच असतं आणि आत काय आहे ते कळत नाही. शिवाय खोदताना सुरुंग उडवला असेल तर त्या हादऱ्याने बारीक चिरा पडलेल्या असतात.

नदीत जायचं ते माघानंतर, पाणी उतरल्यावर. वावरात जायचं ते मृगाच्या पहिल्या दोन-तीन पावसांनंतर, पेरणीच्या आधी. तेव्हा माती धुऊन निघालेली असते आणि ओल्या दगडाचा खरा रंग दिसतो. सकाळी सूर्य खाली असताना त्याच्याकडे तोंड करून चालायचं. अकीकातून उजेड आरपार येतो आणि तो मधासारखा पेटल्यागत दिसतो. बाजूचा बेसाल्ट काळाच राहतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते. पैठण, तेर, भोकरदन अशा जुन्या गावांच्या पांढरीच्या, म्हणजे प्राचीन वस्तीच्या टेकाडावरून एकही दगड उचलू नका. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक नोंदवहीत लिहिलंय की पैठणहून असे पट्टेदार दगड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात मोठ्या प्रमाणावर जात. भडोच ते पैठण वीस दिवसांची वाट, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. त्या काळच्या कारागिरांचे भोक पाडलेले मणी, अर्धवट घासलेले खडे, छिलके अजून त्या मातीत आहेत. ते जिथे पडले तिथेच राहिले तर अभ्यासकांना त्यातून काही कळतं. आपल्या डब्यात आले की ते नुसते दगड होतात. अभयारण्यं आणि लेण्यांचा परिसरही तसाच वर्ज्य. छंदापुरते वरवरचे दगड वेचणं वेगळं. विक्रीसाठी खणायचं असेल तर गौण खनिजाची परवानगी काढावी लागते.

आता ओळख. बाहेरून अकीक बटाट्यासारखा ओबडधोबड, खड्ड्याखड्ड्यांचा असतो. सालीवर बऱ्याचदा हिरवट पूड चिकटलेली असते. लोखंडी खिळ्याने ओरखडा ओढून बघा. एक ते दहाच्या मोह्स मापावर अकीकाची कठिणता साडेसहा ते सात, त्यामुळे खिळा त्यावर फक्त करडी रेघ सोडतो आणि ती बोटाने पुसली जाते. ओरखडा खोल गेला तर तो कॅल्साइट किंवा झिओलाइट समजा, ही अकीकापेक्षा मऊ खनिजं. शंका असेल तर खरवडलेल्या पुडीवर लिंबू पिळा. फेस आला तर कॅल्साइट. पांढरी साधी गार आणि अकीक यांत गोंधळ होतो. गार फुटलेल्या जागी साखरेच्या खड्यासारखी दाणेदार चमकते, अकीक मेणासारखा गुळगुळीत फुटतो.

हातोडीने फोडून बघायची सवय असेल तर ती आजच सोडा. एका टोल्याने आतपर्यंत चिरा जातात आणि चांगला दगड तुम्हीच वाया घालवता. तापलेला दगड थंड पाण्यातही टाकू नका, तोही तडकतो.

चीर शोधण्याची माझी पद्धत अशी. घमेल्यात दगड रात्रभर भिजू द्यायचे, नायलॉनच्या ब्रशने माती काढायची आणि सावलीत फरशीवर एकेक सुटा मांडायचा. मग तिथेच बसायचं, कारण गंमत पहिल्या काही मिनिटांतच असते. पाठ वाळते, कडा वाळतात, दगड फिका पडत जातो, आणि मग कुठेतरी केसाएवढी एक ओली रेघ काळपट तशीच राहते. आजूबाजूचं सगळं कोरडं झालं तरी ती वाळत नाही. तीच चीर. पाणी आत शिरलंय म्हणून ती उशिरा वाळते. लगेच खडूने तिच्यावर खूण करून टाका, कारण पूर्ण वाळल्यावर ती पुन्हा दिसणार नाही. जी रेघ ओली राहत नाही, नखाला लागत नाही, ती बहुधा निसर्गानेच भरून आणलेली जुनी चीर असते. ती चालते.

त्यानंतर अंधाऱ्या खोलीत मोबाइलची टॉर्च दगडाला घट्ट टेकवून बघायची. आत रेघा दिसतील. त्यात पट्टा कोणता आणि चीर कोणती? पट्टा दगडाच्या बाहेरच्या आकाराला धरून वळतो. चीर पट्ट्यांना आडवी कापत जाते आणि दगड फिरवला की आरशासारखी चमकून जाते. दोन लहान गोटे एकमेकांवर हलके वाजवले तर अखंड दगड खणखणीत बोलतो, चिरलेला बद्द वाजतो. ही शेवटची खूण हात बसल्यावरच कळते.

मग ढीग लावायचे. मुठीएवढा किंवा मोठा, अखंड, पट्टे स्पष्ट असलेला दगड चकत्यांसाठी. हा सगळ्यात मोलाचा, याला दुसऱ्या कशात घालवू नका. आत हिरवे-काळे धागे असलेला शेवाळी अकीक वेगळा ठेवा. ते धागे वनस्पतीचे नसून लोह, मँगनीज अशा खनिजांचे असतात. ते खोल आणि दाट असले तर चकती पातळ कापावी, नाहीतर नुसतं काळं दिसतं. एकरंगी पिवळसर, राखाडी दगड मण्यांसाठी. त्यात लोह असेल तर तो भाजल्यावर लाल होतो. गुजरातेतल्या खंबायतचे कारागीर आधी दगड उन्हात खूप दिवस वाळवतात आणि मगच भाजतात, कारण ओला दगड आचेत फुटतो. चीर आहे पण दोन चिरांच्या मधला भाग अंगठीच्या खड्याएवढा आहे, असे दगडही ठेवा. त्यांना मी चिरेवरूनच कापते. बोराएवढे, आवळ्याएवढे गोल गोटे टंबलरसाठी, म्हणजे दगड फिरवून गुळगुळीत करणाऱ्या पिंपासाठी. त्यात कॅल्साइटचा एकही खडा जाऊ देऊ नका, तो झिजून सगळा घाणा बिघडवतो.

आकाराच्या मानाने हलका लागणारा दगड पोकळ असतो. आत स्फटिक असू शकतात, कधी जांभळेही. हा ढीग ॲसिडपासून लांब ठेवा, कारण आतले कॅल्साइट आणि झिओलाइट खराब होतात. बाकी दगडांवरचं चुन्याचं कवच व्हिनेगरमध्ये काही दिवस ठेवलं तरी सुटतं. त्याहून तेज ॲसिड वापरायचंच असेल तर मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि ॲसिड पाण्यात ओतायचं. पाणी ॲसिडात कधीही नाही.

कापायच्या आधी पेन्सिलने दिशा आखून घ्या. पट्टे दिसायला हवे असतील तर ब्लेड पट्ट्यांना काटकोनात गेलं पाहिजे. पट्ट्यांना समांतर कापलं तर एकाच रंगाची सपाट चकती निघते. खड्यासाठी पाच-सहा मिलिमीटर जाडी पुरते. आणि कोरडं कापणं, कोरडं घासणं कधीच नाही. अकीकाची धूळ म्हणजे सिलिका. खंबायतच्या कितीतरी कारागिरांची फुप्फुसं तिने निकामी केली आहेत. ब्लेडवर पाण्याची धार, नाकावर चांगला मास्क, आणि संध्याकाळी शेड झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.