पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) कुष्ठरोगाचा पेशंट आला तर सिस्टरनं काय करायचं

सगळ्यात पहिले खुर्ची द्या आणि जवळ बसा. आपल्या विदर्भात दत्तपूरचं कुष्ठधाम 1936 पासून आहे, बाबा आमट्यांचं आनंदवन 1949 पासून, तरी अजून काही सिस्टर लांबूनच गोळ्या सरकवतात, अन् हे पाहून खरंच जीव तुटतो, कारण हात लावल्यानं हा आजार सहजासहजी होत नाही आणि एमडीटी (कुष्ठरोगाच्या एकत्र दिल्या जाणाऱ्या औषधांचा कोर्स) सुरू झाली की थोड्याच दिवसात पेशंटपासून लागण होणं थांबतं.

चट्टा दिसला तर नुसतं बघून सोडू नका. आधी डोळे उघडे ठेवून समजावा, मग डोळे मिटायला लावा, पेनच्या टोकानं हलकं टेकवा आणि "कुठं लागलं जी, बोट ठेवा" म्हणा. बोट ठेवता नाही आलं तर चट्टा बधिर असू शकतो, लगेच डॉक्टरला दाखवा.

चट्टे पाचपर्यंत असले तर कोर्स साधारण 6 महिने, जास्त असले तर 12. एमडीटीतल्या रिफाम्पिसिननं लघवी लाल होते, क्लोफाझिमिननं कातडी काळवंडते, हे पहिल्याच दिवशी सांगा नाहीतर माणूस घाबरून गोळ्या बंद करतो. चट्टे अचानक लाल होऊन सुजले, नस दुखायला लागली तर ती रिअ‍ॅक्शन (या आजारात अचानक उठणारी सूज) असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा पण एमडीटी थांबवू नका.

पाय बधिर असेल तर कापसाच्या वावरात काटा रुतलेला कळतच नाही, म्हणून रोज रात्री तळपाय बघायला सांगा, साध्या पाण्यात भिजवून तेल लावायचं, आणि एमसीआर (मऊ रबराची) चप्पल फुकट मिळते ती मागवून द्या.