फ्लॅश गौरींवर नको, भिंतीवर मारा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात गौरींचे फोटो काढायचेत आणि हातात नवाकोरा एक्सटर्नल (कॅमेऱ्यावर वेगळा बसवायचा) फ्लॅश आहे? त्याचं तोंड सरळ गौरींकडे रोखू नका. मुखवटे चकाकतात, मागे काळीकुट्ट सावली पडते. फ्लॅशचं डोकं वळवून बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर मारा. भिंतीवरून परतलेला उजेड मऊ पडतो. नथीचा एकेक मोती, शालूची जर सुटी दिसते. छतावर मारायचा मोह होईल, पण वाड्याच्या लाकडी तुळया निम्माशिम्मा उजेड पिऊन टाकतात आणि उरलेला तपकिरी करून परत देतात. रंगीत भिंतीचंही तेच.

सुरुवात मॅन्युअलवरच करा, म्हणजे सगळे आकडे स्वतः लावा; हात लवकर बसतो. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) 800, लेन्सचं छिद्र एफ/4, शटर 1/60 सेकंद, फ्लॅशची पॉवर 1/8, म्हणजे पूर्ण ताकदीचा आठवा भाग. गौरी फार उजळ आल्या तर पॉवर 1/16 करा, शटरला हात लावू नका. शटरचं काम वेगळं: 1/30 केलं, म्हणजे जास्त वेळ उघडं ठेवलं, की समयांचा पिवळा उजेड फोटोत जास्त उतरतो. शटर 1/200 पेक्षा वेगवान मात्र करू नका, बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोचा एक पट्टा काळा येतो.