वगळलं की राहिलं? भाषांतरात नव्याने येणाऱ्यांसाठी

इंग्रजी-मराठी भाषांतराचं काम सुरू करणाऱ्यांना मी आधी औषधाच्या खोक्यातला तो घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद वाचायला सांगते. कथा-कविता नंतर. त्यात बहुधा एक सूचना असते: डोस 'मिस' झाला तर आठवताच घ्या, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर राहिलेला डोस 'स्किप' करा. नवखा माणूस दोन्हीकडे 'चुकवणे' लिहून मोकळा होतो. वास्तविक आधी डोस राहून गेलेला असतो, आणि मग तो जाणूनबुजून सोडायचा असतो. 'राहिला' आणि 'सोडला' यात आपण घरी कधी गोंधळत नाही, कागदावर मात्र हमखास.

म्हणून शब्दकोश उघडण्याआधी विचारायचं: हे कोणी केलं, आणि मुद्दाम केलं का? 'ओव्हरलुक' बहुतेकदा नजरचूक. 'एक्सक्लूड' ठरवून; विमा पॉलिसीतल्या 'एक्सक्लूजन्स' म्हणजे कशाचे पैसे मिळणार नाहीत त्याची यादी, आणि तीच आधी नीट वाचावी (भाषांतर करणाऱ्यानेही आणि पॉलिसी घेणाऱ्यानेही!). 'वेव्ह' (waive, म्हणजे हक्क सोडणं) ज्याचा हक्क त्यानेच करायचं: बँक प्रोसेसिंग फी माफ करते, कर्जदार नाही. ब्रिटिश मजकुरात शब्द 'मिस आउट' केला म्हणजे लिहायचा राहिला; त्यालाच 'ऑन' जोडलं की संधी हुकली.

खरा घोळ 'ओमिट'चा. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेबाबतचा अनुच्छेद 31 'ओमिट' केला. ते संसदेने विचारपूर्वक केलं, तिथे 'वगळला' हेच बरोबर. पण 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये (कायद्यांतल्या नेहमीच्या शब्दांचे अर्थ सांगणारा कायदा) 'इल्लीगल ओमिशन्स' येतात, तिथे काही वगळलेलं नाही. जे करणं कायद्याने बंधनकारक होतं ते केलेलं नाही. तिथे 'वगळणूक' लिहिलंत तर वकील हसेल. 'अकृती' हा शब्द कानाला रुक्ष वाटतो, पण घ्यावा.

आणि बिलाच्या तळाशी 'ई. अँड ओ. ई.' दिसलं तर अक्षरं फोडत बसू नका. एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड. शेवटचा शब्द 'स्वीकारल्या' नव्हे, 'सोडून' या अर्थाचा. चांगले शिकलेलेही इथे फसतात. आपल्याकडे त्याच कामासाठी 'चूकभूल द्यावी घ्यावी' पूर्वीपासून आहे. इतकी चपखल जोडी या धंद्यात क्वचितच हाती लागते.

वैद्यकीय कागदांत 'रूल आउट'ला जपा. डॉक्टरने चिठ्ठीवर 'रूल आउट न्यूमोनिया' लिहिलं तर न्यूमोनिया नाही असं नव्हे. शंका आहे, तपासून खात्री करा, असं. तपासणीच्या अहवालात 'रूल्ड आउट' आलं, तर मात्र नाही.

सरावासाठी इंग्रजी वर्तमानपत्राचं क्रिकेटचं पान उत्तम. दुखापतीने खेळणार नाही तो 'रूल्ड आउट', खेळ खालावल्यामुळे काढलेला 'ड्रॉप्ड', आणि 'रेस्टेड' म्हणजे विश्रांती, निदान निवड समितीचं म्हणणं तरी तसं. काय खरं ते तुम्हाला कळत असलं तरी भाषांतरात 'विश्रांती'च लिहा. 'डच्चू' हा शब्द मथळेवाल्यांसाठी सोडा.