जुनी बेस गिटार घेण्यापूर्वी नेक तपासण्याची रीत

स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या बेस गिटारची नेक (तारांखालची लांब दांडी) किती वाकली आहे, हे नुसत्या नजरेने सहसा कळत नाही. मात्र तिचीच ताणलेली तार सरळ पट्टीचे काम करते.

प्रथम चारही तारा ई, ए, डी, जी या नेहमीच्या सुरांत लावाव्यात, कारण सैल तारांवर केलेली तपासणी निरर्थक ठरते. मग सर्वांत जाड तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर (नेकवरील धातूच्या आडव्या पट्टीवर) आणि दुसऱ्या हाताने, नेक जिथे बॉडीला मिळते, तेथील फ्रेटवर दाबून धरावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यावर किती फट राहते ते पाहावे. साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट असल्यास नेक ठीक समजावी. फट मोठी असल्यास ट्रस रॉडचा (नेकच्या आतील, तिचा वाक कमी-जास्त करणाऱ्या सळईचा) नट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा आवळावा, तार फ्रेटला टेकतच असेल तर तेवढाच सैल करावा, आणि तारा पुन्हा सुरात लावून मोजावे. विक्रेता एवढेही करू देत नसेल, तर माझ्या मते ती गिटार न घेतलेली बरी.

नट फिरत नसेल, तर जोर मुळीच लावू नये. तुटलेला ट्रस रॉड दुरुस्त करण्याचा खर्च स्वस्त गिटारच्या किमतीहून अधिक होऊ शकतो.