सगळे एकाच वेळी परत: हाफ मॅरेथॉनसाठी पहाटेचा ग्रुप कसा जमवायचा आणि टिकवायचा

आमच्या ग्रुपची सुरुवात ४३ जणांनी झाली होती, व्हॉट्सॲपवर. पहिल्या रविवारी १९ आले, दुसऱ्या रविवारी ११, आणि महिन्याभराने पुण्यात म्हात्रे पुलाजवळच्या टपरीवर आम्ही चार जण चहा पीत एकमेकांकडे बघत होतो. नव्याचे नऊ दिवस म्हणून सोडून देता आलं असतं, पण मी गळालेल्यांना एकेक करून फोन केला तेव्हा आळस वगैरे कोणीच बोललं नाही. "तुम्ही सगळे पुढे निघून जाता रे, मी एकटाच मागे, मग एकटंच धावायचं तर घराखाली धावतो की" असं तिघांनी जवळपास त्याच शब्दांत सांगितलं. (घराखाली ते धावत नव्हते, ते सोडा.)

तर उपाय सांगतो, तो आम्ही तीन सीझन वापरतोय. अंतर ठरवायचंच नाही, वेळ ठरवायची. समजा रविवारी ७० मिनिटांचा रन आहे, तर पाषाण रोडच्या टपरीपासून सगळ्यांनी एकत्र सुरुवात करायची, ज्याने त्याने आपल्या स्पीडने जायचं आणि घड्याळात ३५ मिनिटं झाली की जिथे असाल तिथून मागे वळायचं, बस. जोरात पळणारा सहा किलोमीटरवरून वळेल, हळू पळणारा चारवरून, पण परतताना दोघांना तेवढाच वेळ लागणार म्हणून टपरीवर सगळे दोन-तीन मिनिटांच्या फरकाने पोचतात. शिवाय वळल्यावर हळू पळणारे पुढे असतात, जोरात पळणारे मागून त्यांना गाठत येतात, हात दाखवतात, आणि शेवटची माणसं शेवटची राहतच नाहीत.

यात एक छुपा फायदा आहे जो आम्हाला नंतर कळला. जो ३५ मिनिटांत लांब गेला पण परत यायला ४१ घेतली तो सुरुवातीला उगाच जोरात गेला, हे त्याला कोणी सांगावं लागत नाही, टपरीवर पोहे संपलेले असतात. आमच्यातल्या एका आयटीवाल्याला कोच, ॲप, महागडं घड्याळ कशानेच पेसिंग, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा वेग ठेवणं, कळलं नव्हतं, ते पोह्यांनी शिकवलं.

टेकडीवर मात्र ही ट्रिक चालत नाही, कारण चढताना हळू आणि उतरताना भरभर, सगळा हिशोबच बिघडतो. म्हणून बुधवारी वेताळ टेकडीवर आम्ही एकच चढ धरतो आणि २० मिनिटं तोच वर-खाली. कोणी सहा फेऱ्या मारतो कोणी तीन, मोजायच्या असतील तर मनात मोजा. पावसाळ्यात उतार चालतच उतरा, ओल्या मुरमावर पाय घसरला की सीझन संपला. आणि पहाटे टेकडीवर एकट्याने जाऊ नका, दोघं तरी हवेत, टॉर्च हवा. कुत्री मागे लागली तर पळू नका, थांबा, चाला.

आता प्लॅन. पुणे इंटरनॅशनल मॅरेथॉन १९८३ पासूनची आहे आणि परंपरेने डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, त्यामुळे १६ आठवडे मागे मोजले की ऑगस्टचा मध्य येतो. तोपर्यंत न थांबता अर्धा तास हळू पळता येत असेल तर हाफ, म्हणजे २१.१ किलोमीटर, आरामात जमतं. येत नसेल तर ४ मिनिटं पळा १ मिनिट चाला, त्यात लाज कसली, रेसमध्येही असंच करा. किलोमीटरला ८ मिनिटं लागली तरी हाफ साधारण २ तास ४९ मिनिटांत होतो.

आठवड्यातून तीनच रन: बुधवारी टेकडी, शुक्रवारी ४० मिनिटं हळू, रविवारी लांब. रविवारचा रन ५० मिनिटांपासून सुरू करून आठवड्याला आठ-दहा मिनिटं वाढवत जा, दर चौथ्या आठवड्याला वाढवायच्या ऐवजी कमी करा, आणि रेसच्या तीन आठवडे आधी सगळ्यात मोठा रन, सव्वादोन तास, त्याच्यापुढे नको. शेवटचे दोन आठवडे निम्म्यावर या. तेव्हा पाय शिवशिवतात आणि "एक लांब मारून येऊ" वाटतं, तेव्हा फोन बंद करून झोपा.

हळू म्हणजे किती हळू? शेजारच्याला सासूबद्दलची तक्रार पूर्ण वाक्यांत, मध्ये धाप न लागता सांगता आली पाहिजे. एकटे असाल तर सतराचा पाढा म्हणा. पहिल्या वर्षी मी हे ऐकलं नव्हतं, रोज पुढच्यांच्या मागे लागायचो, आणि नडगी दुखायला लागली तीही सात आठवडे. पळताना सुरू होऊन गरम झाल्यावर जाणारी दुखी एक वेळ चालते, पण दुखतं म्हणून पाऊल वेगळं पडायला लागलं, किंवा एकाच ठिकाणी बोट ठेवलं की कळ येते, तर रन बंद आणि डॉक्टर. आणि चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल तर सुरू करण्याआधीच दाखवून या.

पुण्याच्या कॅलेंडरचं घोडं मधे अडतंच, ते प्लॅनमध्ये आधीच धरा. गणपतीआधी ग्रुपमधली निम्मी पोरं ढोल पथकात असतात. संध्याकाळभर कमरेला ढोल बांधून सराव केलेला माणूस पहाटे टेकडी चढायला आला तर त्याची कंबर बोलणारच. आम्ही तो सराव ट्रेनिंगमध्येच धरतो आणि त्या माणसाला बुधवार माफ. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, त्या दोन दिवसांत कोणाचा रन मोजत बसू नका. मुठेत खडकवासल्यातून पाणी सोडलं की नदीपात्रातला रस्ता बंद होतो, म्हणून तिथला रूट ठरवला असेल तर दुसरा खिशात ठेवा. दिवाळीत फराळ खा, फक्त चकली खाऊन लगेच लांब रनला येऊ नका, अनुभव आहे.

लोकांना बिछान्यातून काढायचं कसं? ग्रुपवर "उद्या कोण कोण?" विचारलंत तर सगळे अंगठे दाखवतात आणि कोणी येत नाही. आम्ही जोड्या लावल्या, प्रत्येकाचा एक जोडीदार, आणि जोडीदाराला पाच वाजता फक्त एक मिस्ड कॉल द्यायचा. ४३ जणांना तोंड चुकवता येतं, एका माणसाला खाली गेटपाशी उभं ठेवून झोपता येत नाही. जागा एकच, वेळ एकच, साडेपाच, पाच मिनिटं थांबायचं मग निघायचं, आणि उशिरा येणाऱ्याला टोमणा नाही. हे शेवटचं पुण्यात पाळणं सगळ्यात अवघड, मान्य आहे.

खाण्याचं लांबवत नाही. सव्वा तासापर्यंतच्या रनला पाणी पुरतं. त्याच्यापुढे दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेले पाहिजेत, म्हणजे एनर्जी जेल (पाकिटातला गोड पाक) घ्या नाहीतर खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, पण जे काही असेल ते रविवारी करून बघा, रेसच्या दिवशी पहिल्यांदा नको. लिंबू सरबतात मीठ विसरू नका आणि तहान नसताना लिटरभर पाणी ढोसू नका, रक्तातलं सोडियम फार खाली गेलं तर ते धोक्याचं असतं. बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटरला बदला. ओले झाले तर आत वर्तमानपत्र कोंबा, पंख्याखाली ठेवा, उन्हात नको. घासलं जातं तिथे व्हॅसलिन, पुरुषांनी छातीलाही. नाही लावलंत तर शर्टावर रक्ताचे दोन डाग घेऊन फोटो निघतो.

पोह्यांची कॉन्ट्री दर रविवारी काढायची नाही, महिन्याला एकदाच काढा, पैशांवरून फुटलेले ग्रुप मी पाहिलेत.

रेसच्या दिवशी ग्रुपमधला कोणीतरी न पळणारा हवा, दुखऱ्या नडगीवाला असतोच एखादा. त्याला १७व्या-१८व्या किलोमीटरच्या आसपास उभा करा, कारण पाय तिथे संपायला लागतात आणि तिथे ओळखीचा आवाज नावाने ओरडला की चालायला लागलेला माणूस परत पळायला लागतो. फिनिशला बरीच गर्दी असते, तिथे कोणाची वाट बघू नका, बाहेर एक झाड किंवा गेट आदल्या दिवशीच ठरवा, शेवटचा येईपर्यंत तिथून कोणी हलायचं नाही.

आणि ग्रुप जास्त करून रेसनंतरच मरतो. दोन आठवडे लांब रन बंद असतो, मिस्ड कॉल बंद होतात, मग जानेवारी येतो आणि कोणीच नसतं. म्हणून रेसच्या आधीच पुढच्या बुधवारचा मेसेज टाकून ठेवा: साडेपाच, टेकडी, फक्त चालायचं, मेडल घरी ठेवून या.